साहेबानं न नेलेला दगड

सर, रविवारी तुमची शोकसभा आहे. कॉलेजच्याच सभागृहात, जिथं तुम्ही माइक हातानं बाजूला सारून बोलायचात तिथं. संयोजकांचा फोन आला होता. म्हणाले, "सुमनताई, पुस्तकांवर बाकीचे बोलतील. तुम्ही फक्त गोऱ्या साहेबानं नेलेल्या दगडाची गोष्ट सांगा. सरांची आठवण म्हटलं की लोकांना तीच ऐकायची असते." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि टेबलावरच्या तुमच्या फोटोला एक शिवी हासडली. आमच्या माळावरची, ठेवणीतली. तुमच्याशी वाद पुष्कळ घातले, शिवी कधी दिली नव्हती. तुम्ही गेल्यापासून रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

सभेत काय बोलायचं ते ठरवण्याआधी तुमच्याशी बोलायचंय. आरोप करायचा तर माणसाच्या तोंडावर करावा, असं तुम्हीच शिकवलंत. आता तोंड कुठून आणू? फोटोवर भागवते.

आपली पहिली भेट मी आजवर किती वर्गांना सांगितली असेल! एम.ए.च्या प्रवेशाला मी तुमच्या खोलीत आले. मार्क बरे होते, पण बरे मार्क असलेल्या मुलामुलींची रांग दारापर्यंत लागली होती. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "गाव?" मी सांगितलं, कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. गावाचं नाव घेतलं तसा तुम्ही चष्मा काढलात. "तिथल्या माळावर वीरगळांची रांग आहे ना?" म्हणालात. मला वीरगळ हा शब्दच ठाऊक नव्हता. म्हटलं, "घोड्यावरच्या माणसांचे दगड आहेत, सर. आमची मेंढरं तिथंच चरतात. पण मधला एक दगड नाही." तुम्ही माझा अर्ज गठ्ठ्यातून वेगळा काढलात. मग म्हणालात, "उद्यापासून ये."

गुरूला शिष्य कसा ओळखू येतो, याचं उदाहरण म्हणून मी हे सांगत आले. मेंढक्याच्या घरची पोर, अंगावर मळखाऊ ड्रेस, आणि सरांनी एका उत्तरात पारख केली! ऐकणाऱ्या पोरींचे डोळे चमकायचे. माझेही चमकत असतील. आता मला तुमच्याकडून एवढंच कळायला हवंय, सर. त्या दिवशी चष्मा काढून तुम्ही मला बघितलंत, की माझ्या गावाला? मी हुशार होते म्हणून मला घेतलंत, की त्या माळावरचा एक दगड नव्हता म्हणून?

वीरगळ वाचायला तुम्हीच शिकवलंत. लढून मेलेल्या माणसाच्या नावानं गावानं उभा केलेला दगड. नाव त्यावर बहुतेक नसतंच. "खालून वर वाचायचा," तुम्ही म्हणायचात. "खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला उचलून नेतात, वर तो शंकरापुढं हात जोडून बसलेला, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील." आमच्या माळावरचे दगड यादवांच्या काळातले, आणि त्यातले वीर कुणी सरदार नव्हेत, गुरं वळवून न्यायला आलेल्या टोळीशी लढलेले राखणदार, हे तुम्ही मला दाखवलंत. दगडात माणसाच्या पाठीशी गाई कोरल्या होत्या. लहानपणापासून त्या दगडांना टेकून मी भाकरी खाल्ली, पण त्या गाई मला तुमच्यामुळं दिसल्या.

देवगिरीच्या किल्ल्यावरच्या आपल्या रविवारच्या फेऱ्या आठवतात? अंधाऱ्या वाटेच्या तोंडाशी उभं राहून तुम्ही राजघराण्यांची पिसं काढायचात. "ताम्रपट काढा कुणाचाही. राष्ट्रकूट घ्या, यादव घ्या. प्रत्येकाला चंद्रावरून नाहीतर सूर्यावरून उतरायचंय. कुणीच म्हणत नाही, माझा खापरपणजा गुरं राखायचा. सत्ता आली की पहिलं काम काय, तर भाट बोलावणं. आणि हे फक्त आपल्याकडं नाही बरं. तिकडच्या राजांनीही आपली घराणी जुन्या ग्रीक कथांतल्या वीरांपर्यंत नेऊन भिडवली. घराणं मोठं झालं की आजोबा बदलतो!" सगळे हसायचे. मग तुम्ही माझ्याकडं बघून म्हणायचात, "काही अभ्यासकांना वाटतं, यादवही मूळचे गोधनवालेच. सुमन, जरा ताठ चाल. तू त्यांच्या जवळची आहेस." आणि मी खरंच ताठ चालायचे, सर. त्या उतारावर ताठ चालणं सोपं नाही, पण चालायचे.

घराणं मोठं झालं की आजोबा बदलतो. हे वाक्य तुम्ही कुणाकडं बघून बोलत होतात?

तुम्ही पहिल्यांदा आमच्या गावी आलात तो दिवस आता पुन्हा पुन्हा आठवतो. तेव्हा आजा होता. तुम्ही त्याला लगेच ओळखलंत. "बाबा, लासूरला आमच्या वावरात मेंढरं बसवायला येता ना तुम्ही?" मला त्याचा कोण आनंद झाला! दिवाळी झाली की आमचे मेंढरांचे वाडे बिऱ्हाडांसकट खाली उतरायचे, वेरूळच्या अंगानं थेट लासूर स्टेशनच्या शिवारापर्यंत. रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. त्याच्या रानाला लेंडीखत, आमच्या घरात ज्वारी. तुमच्या घराशी आमचा हा व्यवहार आजाच्या बापापासूनचा. आजा तुम्हाला आतून बाहेरून ओळखत होता, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही.

आपण माळावर गेलो. दगडांच्या रांगेत मधेच खळगा, दात पडल्यासारखा. आजा त्याच्या कडेला उकिडवा बसला. तुम्ही विचारलंत, "बाबा, हा कधी गेला?"

"माझ्या बापाच्या येळंला. चार बैलाची गाडी आणली व्हती. लई वजन व्हतं, आक तुटला म्हनं वाटंत."

"कुणी नेला?" हे मी विचारलं.

आजानं तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं, थकला असेल. मग म्हणाला, "मोठ्या मान्सांनी."

आणि तुम्ही लगेच, मी पुढचं विचारायला तोंड उघडायच्या आत म्हणालात, "त्या काळात गोरे साहेब सगळीकडं फिरायचे. शिल्पं हेरायचे, उचलायचे. साहेबच असणार."

आजा तंबाखू मळत राहिला. "आसंल," म्हणाला. "तुमी म्हन्ता, तर आसंल."

साहेबाचा जन्म असा झाला, सर. माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी. आणि मी इतिहासाची विद्यार्थिनी, मला ते बाळंतपण कळलं नाही.

पुढं साहेब वाढीला लागला. पहिल्या व्याख्यानात तो नुसता साहेब होता. नंतर त्याला टोपी आली, मग घोडा, मग माळावर तंबू. शेवटी शेवटी तर तो छडीनं वीरगळावर टकटक करून बघायचा आणि सभागृहात बायका चुकचुकायच्या. "त्यांनी आपल्याला इतिहास लिहायला शिकवला म्हणतात," तुम्ही गरजायचात. "आधी दगड नेले, मग आम्हाला सांगितलं, तुम्हाला इतिहासच नाही!" टाळ्या. मीही वाजवल्यात, पहिल्या रांगेत बसून. गोऱ्यांनी नेलं हे खोटं नाहीच. गाड्या भरभरून नेलं, बोटींनी नेलं. त्यांच्या काचेच्या कपाटांत आपले देव उभे आहेत, हे मी डोळ्यांनी बघून आलेय. म्हणूनच जास्त राग येतो, सर. एवढी खरी तक्रार हातात असताना तुम्ही तिच्या तोंडी एक खोटा दगड दिलात.

माझा प्रबंध तुम्ही तपासलात तेव्हा प्रत्येक पान लाल केलं होतंत. "पुरावा?" "कशावरून?" "ऐकीव!" आजाचं वय लिहिलं तर तेही खोडलंत. दगड नेणाऱ्या साहेबाचं प्रकरण मात्र कोरं परत आलं. एक खूण नाही. मला वाटलं, ते प्रकरण इतकं चांगलं उतरलंय! घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं शिरा केला.

त्याच प्रकरणाच्या जोरावर मी लंडनला गेले. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला काय बोलायचं, ते तुम्ही घटवून घेतलंत. विमानतळावर सोडायला आलात, आणि निघताना म्हणालात, "नाही सापडला तरी खचू नकोस." किती मायाळू वाटलं होतं ते वाक्य!

तिथल्या संग्रहालयात एक मुलगी माझ्या मदतीला होती. गोरी, केस निळे रंगवलेले, माझ्यापेक्षा लहान. पहिल्याच दिवशी चहाचा कप हातात देऊन म्हणाली, "आमच्या लोकांनी तुमच्याकडून पुष्कळ आणलं. काही विकत, काही उचलून. तुमचं काय ते सांगा, आपण शोधू." मी गांगरले. भांडायच्या तयारीनं गेलेल्या माणसाला समोरचा आधीच मान्य करून बसला की हात कुठं ठेवावेत कळत नाही. तिथं त्यांच्यात हाच वाद पेटला होता. कुठला पुतळा ठेवायचा, कुठला काढायचा, कुठल्या बंगल्यावर गुलामांच्या पैशाचा आहे अशी पाटी लावायची. काही जण चिडायचे, आमच्या पूर्वजांना का छळता म्हणून. पण भांडण चव्हाट्यावर होतं. तिनं आणि मी तळघरातली दालनं धुंडाळली, याद्या पालथ्या घातल्या. आमचा दगड नव्हता. असणार कुठून!

वरच्या दालनात त्यांचे मध्ययुगीन सरदार दगडात कोरून आडवे झोपवलेले होते, पायाशी कुत्रं. मी तुम्हाला फोनवर ते सांगितलं तर म्हणालात, "ते झोपवतात, आपण उभे करतो." मला फार आवडलं होतं. लिहून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "सापडला नाही, पण तुमच्या गावाला सांगा, आम्हाला खेद आहे." ती माफी मी जपून आणली. विमानतळावरून घरी न जाता आधी गावी गेले. आजा तोवर गेला होता. चुलत्याला, नानाला, माळावर गाठून सांगितलं, "नाना, साहेबाच्या लोकांनी माफी मागितली." नाना काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. "मागितली व्हय?" म्हणाला. "चांगले हायेत की मंग." आणि मेंढरांमागं गेला. मला राग आला. एवढी सातासमुद्रापारची माफी आणली आणि याला काही किंमतच नाही!

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. म्हणालात, "चला, माफी तरी मिळाली." दुसऱ्या महिन्यातल्या व्याख्यानात ती मुलगी आली, निळ्या केसांसकट. जिनं काही नेलं नव्हतं तिनं माफी मागितली, आणि ज्यांनी नेलं त्यांनी त्यावर टाळ्या घेतल्या.

तिथून आल्यावर आपले वाद वाढले. मी म्हणायचे, सगळा दोष पश्चिमेच्या गळ्यात मारून आपण मोकळे होतोय. शंका घेणं, पुरावा मागणं, हे तुम्ही आम्हाला शिकवता, त्यातलं निम्मं तिकडून आलंय, तेही म्हणा. तुम्ही चिडायचात. "गोऱ्यांची वकील झालीस तू." मी म्हणायचे, काचेत आहे म्हणून शाबूत तरी आहे. तुम्ही म्हणायचात, काचेत ठेवलेलं शाबूत नसतं, कैदेत असतं. शहराचं नाव बदललं तेव्हाही आपण दोन्ही नावांवरून भांडलो, आणि शेवटी दोघंही जिभेवर येईल ते म्हणत राहिलो. त्या भांडणांत मजा होती, सर. ती आता मिळणार नाही म्हणून मला आत्ताही गलबलतं.

आपलं शेवटचं भांडण मात्र वेगळं झालं. तुमच्या घरी, आजारपणाच्या आधी. मी सहज म्हणून गेले, "आपल्या लोकांनी काय कमी दगड नेले? गावोगाव बघा, कुणाच्या पायरीला नायिका, कुणाच्या गोठ्याला नंदी. त्यांची माफी कुणी मागायची?" तुम्ही कप खाली ठेवलात. माझ्याकडं बघितलंत. काहीतरी बोलणार होतात, ओठ हललेसुद्धा. मग उठून आत गेलात ते आलाच नाहीत. मी चहा संपवून, दार ओढून घेऊन निघून आले. रस्ताभर स्वतःला बोल लावत होते, म्हाताऱ्या माणसाला दुखवलं म्हणून. पुढं दवाखान्यात भेटले तेव्हा तुमच्या नाकातोंडात नळ्या होत्या.

त्या दिवशी बोलायचं होतंत, सर. मी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस आले नसते, आणि पाचव्या दिवशी भाकरी घेऊन आले असते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का?

तुमचा दहावा लासूरला शिवना नदीच्या काठी झाला. कावळ्याबिवळ्याचं तुम्हाला हसू यायचं, पण मुलगा म्हणाला, तुमच्या थोरल्या वहिनींच्या मनासाठी करतो. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिले. बाभळीवर कावळे होते, चांगले चारपाच. एकही उतरेना. मग आपल्याकडं होतं तसं सुरू झालं. मेलेल्याची कुठली इच्छा राहिली ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही." कावळा ढिम्म. भाऊबंदांतले कुणी म्हणाले, "भाऊ, वावराची वाटणी भांडण न करता करू." कावळ्यांचा त्यावर विश्वास नसावा. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. कुणीतरी मला पुढं ढकललं. "ताई, तुम्ही बोला. तुम्ही लाडक्या होतात त्यांच्या."

मी हात जोडले. सगळ्यांदेखत म्हटलं, "सर, साहेबानं नेलेला दगड मी शोधून आणीन. सातासमुद्रापार असला तरी."

एक कावळा जवळच्या फांदीवर आला होता, तोही उडून पलीकडच्या काठावर गेला.

तेव्हा तुमच्या वहिनी पुढं झाल्या. कमरेत वाकलेल्या, डोक्यावर पदर. पिंडाकडं नाही, बाभळीकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, हिरीवरचा दगड ज्याचा त्याला देते म्या. आता जा सुखानं."

आणि कावळा आला. मी तुमची विद्यार्थिनी, योगायोग म्हणते. पण आला. भाताचं ढेकूळ चोचीत घेऊन गेला, आणि लोक "शिवला, शिवला" करत नदीकडं पांगले. मी तिथंच उभी होते. वहिनींना विचारलं, "काकू, कुठला दगड?"

त्या मला विहिरीवर घेऊन गेल्या. तुमच्या वावरातली विहीर, जिच्या पाण्याची चव तुम्ही वर्गात सांगायचात. विहिरीला लागून कपडे धुवायचा दगड. लांब, काळा, धुऊन धुऊन मऊ झालेला. मी त्यावर बसलेय, सर! तुमच्या मुलाच्या लग्नात मी त्याच दगडावर बसून पाय धुतले होते. तुम्ही समोर उभे होतात, टॉवेल घेऊन.

"पालथा हाय," वहिनी म्हणाल्या. "म्या लगीन होऊन आले तवा सासूबाईनं सांगितलं, खाली घोड्यावरचा मानूस हाय, जोरात आपटू नको धुणं, जागा व्हईल. आमच्या आजसासऱ्यानं हीर बांधली तवा आणला म्हनं घाटाकडून, गाडीत घालून. पोरांना भ्या दाखवायचो आमी. भाऊजी तर ल्हानपनी कान लावून ऐकायचे, घोडा खिंकाळतो का."

मला वाटतं मी खाली बसले. दगडावर नाही, जमिनीवर.

"मधी पाइपलाइनीला जेसीबी आलता," त्या सांगत होत्या, कौतुकानं. "दगड उलथा झाला. लई सुंदर, गाया काय, घोडं काय! गाव गोळा झालं. भाऊजी शहरातून धावत आले. म्हनले, वहिनी, पालथा घाला, कुनाला सांगू नका. मंग दर दिवाळीला यायचे, आदी त्याच्यावर तांब्याभर पानी घालायचे, मग घरात. म्या म्हनलं, भाऊजी, देऊन टाका की ज्याचा त्याला. म्हनले, आता कसं देऊ वहिनी. लई बोलून बसलोय."

लई बोलून बसलोय. तुमचं खरं शेवटचं वाक्य माझ्यासाठी हेच, आणि तेही मला वहिनींच्या तोंडून मिळालं.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. फसवलंत तुम्ही मला. आजोबांनी दगड नेला याचा मला राग नाही. विहीर बांधताना सपाट दगड दिसला, उचलला. त्या काळी कुणी विचारत नव्हतं, आणि मेंढक्यांना तर आजही कुणी विचारत नाही. पण मी याद्या पालथ्या घालत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. मी माफी घेऊन आले तेव्हा ठाऊक होतं. तळघरात थंडीनं माझी बोटं वळायची, त्या वेळी दगडावर तुमच्या घरची धुणी आपटली जात होती. पूर्वजांची पापं गोऱ्यांनी चव्हाट्यावर मांडावीत म्हणून तुम्ही घसा कोरडा केलात, आणि स्वतःच्या आजोबावर टोपी, घोडा आणि छडी चढवून त्याला गोरा करून टाकलंत. भाटसुद्धा एवढं करत नाही, सर. भाट आजोबाला देव करतो, तुम्ही आजोबाला परका केलंत.

आणि तुमच्याशिवाय हे सांगू तरी कुणाला? एवढं समजून घेणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच होता.

वहिनींनी शब्द पाळला. काल ट्रॅक्टरची ट्रॉली करून त्या स्वतः दगडाबरोबर आल्या, गोणपाटावर बसून. उलथा केला तेव्हा बघितलं, एक रेघ झिजलेली नाही. आमच्या माळावरचे बाकीचे उन्हापावसानं पुसट झालेत, हा तेवढा परवा कोरल्यासारखा. काचेत आहे म्हणून शाबूत आहे, असं मी म्हणायचे ना? घ्या, नेलेलाच दगड शाबूत राहिला. वाद जिंकल्याचा इतका त्रास मला कधी झाला नव्हता.

माळावर गाव जमलं होतं. बाया हळद-कुंकू घेऊन आल्या. खळग्यात दगड उभा करायच्या आधी मला वाटलं, बोलायला हवं. घसा खाकरून म्हटलं, "हा दगड साहेबानं नेला नव्हता. माझ्या सरांच्या घरानं नेला होता. सरांना ते ठाऊक होतं."

कुणी चुकचुकलं नाही. कुणाला नवल वाटलं नाही. नाना काठी टेकून उभा होता, म्हणाला, "म्हाईत हाय की. त्या हिरीवर पानी पाजलं आमी मेंढरांला. आज्याच्या बापापासून म्हाईत हाय."

"मग मला कामून नाही सांगितलं?" माझा आवाज फाटला.

नाना काठीनं माती उकरत म्हणाला, "आदी त्यांच्या वावरात मेंढरं बसत व्हती. मंग त्यांनी तुला शिकायला घेतलं. आज्या म्हनला, दगड तिकडं ऱ्हाऊ द्या, पोर शिकू द्या. इचारू नगा, सांगू नगा."

म्हणजे तुम्ही गप्प, आणि हेही गप्प. मधल्या मध्ये मी. दगडाच्या बदल्यात शिकलेली पोर. तुम्हाला विचारायचा प्रश्न नानानं निम्मा सोडवला, सर. उरलेला निम्मा तुम्ही बरोबर घेऊन गेलात. खोलीतली ती रांग, तुमचा चष्मा, "उद्यापासून ये." मी खरंच हुशार होते का हो? एवढं तरी सांगून जायचं होतंत.

वहिनी ट्रॉलीतून उतरल्या, नानापुढं उभ्या राहिल्या. "आमच्या घरानं नेला व्हता," म्हणाल्या. "चुकलं आमचं." नाना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अक्का, पानी घ्या." झालं, सर. एवढंच होतं ते. तांब्याभर पाणी प्यायला लागतो तितका वेळ.

रविवारी मी सभेला जाणार आहे. दगडाचीच गोष्ट सांगणार आहे, लोकांना तीच हवी आहे ना! फक्त साहेब तीत नसेल. टाळ्या पडल्या नाहीत तर तुमचं नशीब.

दगड उभा राहिला, बायांनी हळद लावली. मग नाना म्हणाला, "सुमे, तू शिकलीस ना हे? वाच की. काय लिव्हलंय सांग समद्यांला." सगळे माझ्याकडं वळले. मी दगडापुढं बसले. तुमचं नाव घ्यायचं नाही, असं मनाशी ठरवून बसले होते. खालच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हा खालून वर वाचायचा." आणि वाचत गेले, लढाई, गाई, अप्सरा, चंद्र-सूर्य, शब्दाशब्दाला तुमचाच आवाज. दुसरी रीत मला कुणी शिकवलेलीच नाही.